पक्षपंधरवड्यातला परदेश

पितृपंधरवड्यात नवं काही करू नये हा नियम पाळणारी माणसं महाराष्ट्रात अजून भरपूर उरली आहेत. विश्वास नसेल तर सहलींचे दर बघावेत. गणपती गेले की ते खाली येतात आणि घट बसायच्या सुमारास पुन्हा वर चढतात. मधल्या दिवसांत सोनार दुकानात पेपर वाचत बसतो, मंगल कार्यालयात रंगकाम निघतं आणि प्रवास कंपनीतली मुलगी आपण होऊन फोन करते. अशाच एका फोनला आमचे हे बळी पडले. कंबोडिया, अंगकोर वाट, राहणं-जेवणं धरून, वर सवलत. यांनी आधी होकार दिला आणि मग कालनिर्णय उघडलं.

सोबतीला अण्णा आणि माई, म्हणजे यांचे थोरले चुलतभाऊ आणि माझ्या जाऊबाई. माईंनी पहिल्या फटक्यात नकार दिला. "पक्षात घराला कुलूप? पितर दारात येऊन उभे राहायचे आणि आपण विमानात!" अण्णांनी तोडगा काढला. त्यांच्या वडिलांची तिथी पंचमीची. पंचमीला महाळ उरकायचा, वडे-खीर करायची, कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायचं आणि मग बॅगा भरायच्या. जेवून गेलेले पितर यजमान पुढे कुठे जातात याची चौकशी करत बसत नाहीत. शिवाय, अण्णा म्हणाले, कंबोडिया हा काही परदेश नव्हे. देवळं आपली, देव आपले, राजेसुद्धा आपलेच. सूर्यवर्मन, जयवर्मन, इंद्रवर्मन. नावं बघा की.

हे 'आपलंच' प्रवासात फार सोयीचं पडतं. जे आपलंच आहे त्याबद्दल आधी वाचायचं कारण नाही, तिथल्या माणसाला काही विचारायचं कारण नाही, आणि तो सांगत असताना मध्ये बोलायचा हक्क आपोआप मिळतो. अण्णांनी तो हक्क सिएम रीपच्या विमानतळापासून बजावायला सुरुवात केली. अंगकोरचा पास काढताना कॅमेऱ्यासमोर उभं करतात आणि आपला फोटो पासावर छापून देतात. तीन दिवसांचे ६२ डॉलर. "आपल्याच देवळात शिरायला," अण्णा फोटोतल्या स्वतःकडे बघत म्हणाले.

आमचा गाईड तिशीतला, काटकुळा, सदोदित हसतमुख, बगलेत छत्री. त्याने माईंना 'यिये' म्हटलं आणि अण्णांना 'ता'. म्हणजे आजी आणि आजोबा. माईंना काही वाटलं नाही. अण्णांनी मात्र प्रवासासाठी मुद्दाम केसांना कलप लावला होता, त्यामुळे पहिला अर्धा तास ते गाडीत गप्प होते. तो अबोला अंगकोर वाटच्या पश्चिमेच्या गोपुरात सुटला. तिथे दगडाचा आठ हातांचा विष्णू उभा आहे, माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंच. अंगावर पिवळं रेशमी वस्त्र, पुढ्यात उदबत्त्यांचं रान, केळी, कमळाच्या कळ्या. गाईडने दोन्ही हात जोडून कपाळापर्यंत नेले आणि ओळख करून दिली, "हे ता रीच." राजेआजोबा. या मुलुखात प्रत्येक गावाला असा एखादा राखणदार आजोबा असतो. त्याच्याकडे परीक्षेचा निकाल, हरवलेली म्हैस, परदेशी नोकरी, काहीही मागता येतं आणि नवस फेडला नाही तर तो चांगलाच रागावतो. बाराव्या शतकात राजाने बसवलेला विष्णू लोकांनी कधीतरी या आजोबांच्या पंगतीला नेऊन बसवला.

विष्णूच्या शेजारी आपली गणना होते आहे हे लक्षात आल्यावर अण्णांचा चेहरा खुलला. त्यांनी डोळे मिटून विष्णुसहस्रनाम सुरू केलं. तेवढ्यात एक बाई आल्या, त्यांनी चवड्यांवर बसून नमस्कार केला आणि राजेआजोबांपुढे एका ताटलीत अख्खी उकडलेली कोंबडी ठेवली, चोचीसकट. अण्णांनी डोळे उघडले. सहस्रनाम विसाव्या-पंचविसाव्या नावाशीच थांबलं.

पुढे माईंचं आणि गाईडचं वाजलं. देवळात शिरल्यावर तो उजवीकडे वळला. देव डाव्या हाताला ठेवून कुणी प्रदक्षिणा घालतं का? माई जागच्या हलेनात. गाईडने छत्री टेकवून शांतपणे सांगितलं, की भिंतींवरची चित्रं याच दिशेने वाचायची. दुसऱ्या सूर्यवर्मनने देऊळ बांधलं तेच पश्चिमेकडे तोंड करून, बाकीची बहुतेक देवळं पूर्वेकडे बघतात. त्यामुळे काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की हे राजाच्या मरणानंतरचं देऊळ असावं आणि म्हणून इथली फेरी उलटी.

"म्हणजे अपसव्य," माई म्हणाल्या.

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. यांनी विमानात दोन पुस्तकं वाचली होती आणि अण्णांना तर वाचायची गरजच नव्हती, पण पितरांच्या कार्यात जानवं दुसऱ्या खांद्यावर जातं, दिशा बदलते, सगळं उलट होतं, हे माईंनी पन्नास वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलेलं. "सरळ सांगायचं ना," त्या गाईडला मराठीत म्हणाल्या आणि पदर खोचून पुढे निघाल्या. त्यानंतर देवळाबद्दलच्या शंका गाईड अण्णांना सोडून माईंशी बोलू लागला.

अंगकोर वाटबद्दल लिहिणारे सगळे समुद्रमंथनाबद्दल लिहितात, आणि लिहावंच. पूर्वेच्या भिंतीवर सुमारे ४९ मीटर लांब वासुकी ताणून धरलेला, एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये कासव आणि विष्णू. पण आम्ही रेंगाळलो ते त्याच्या अलीकडे, दक्षिणेच्या भिंतीशी. तिथे यमाचा दरबार आहे. रेड्यावर बसलेला अनेक हातांचा यम, त्याचे कारकून म्हणजे धर्म आणि आपला चित्रगुप्त, वर ३७ स्वर्ग, खाली ३२ नरक. चित्रगुप्ताने निकाल दिला की पायाखालची झडप उघडते आणि माणूस थेट खालच्या मजल्यावर. प्रत्येक नरकाला जुन्या ख्मेर भाषेत कोरलेली पाटी आहे, गुन्हा काय याची.

स्वर्गांकडे कुणी फारसं बघत नाही. सदतीसच्या सदतीस ठिकाणी माणसं मंडपात बसली आहेत आणि दासी काहीतरी आणून देते आहे. नरकांत मात्र शिल्पकाराचा हात मोकळा सुटला आहे. खादाडांचे करवतून दोन तुकडे. तांदूळ चोरणाऱ्यांना तापल्या लोखंडाची पोटं. चोरांना थंडीत कुडकुडत उभं केलं आहे, आणि सिएम रीपला एकदा उन्हाळा काढलेल्या कुणालाही ही शिक्षा बक्षीस वाटेल. गाईड एकेक दाखवत चालला होता. एका चौकटीपाशी तो थांबला. एका माणसाच्या डोक्यात खिळे ठोकणं चाललं होतं.

"याने काय केलं?" माईंनी विचारलं.

"शिवाच्या बागेतली फुलं तोडली."

अण्णा रोज पहाटे साडेपाचला फिरायला बाहेर पडतात. हातात वेताची काठी, काठीला वर तारेचा आकडा, खिशात प्लॅस्टिकची पिशवी. आमच्या भागातल्या चार सोसायट्यांतली जास्वंद, तगर आणि एका डॉक्टरांच्या कुंपणाबाहेर वाकलेली अनंताची फांदी ही सगळी अण्णांच्या देव्हाऱ्याची हक्काची इस्टेट. कुणी हटकलं तर "देवासाठीच नेतोय" हे उत्तर तयार. आता त्या खिळ्यांपुढे आम्ही तिघं अण्णांकडे बघत होतो आणि अण्णा भिंतीकडे.

"ती शिवाच्या बागेतली," ते शेवटी म्हणाले, "सोसायटीच्या नव्हे."

दुसऱ्या दिवशी रोलुओसला गेलो. शहरापासून अर्ध्या तासावरची ही जुनी राजधानी, नाव हरिहरालय. अंगकोर वाटच्या आधी अडीचशे वर्षं इंद्रवर्मनने इथे प्रेआ को नावाचं विटांचं देऊळ बांधलं. पुढे तीन नंदी बसलेले, ऊनपावसाने झिजून कणकेचे केल्यासारखे मऊ दिसणारे. मागे सहा बुरूज, पुढच्या रांगेत तीन, मागच्या रांगेत तीन. हे देऊळ राजाने पितरांसाठी बांधलं. पुढची रांग बापाची, मातामहाची आणि मूळ पुरुष दुसऱ्या जयवर्मनची, मागची रांग त्यांच्या बायकांची. प्रत्येकाला देवाचं नाव देऊन आत प्रतिष्ठापना केलेली. देवळाच्या संस्कृत लेखात साल घातलं आहे शके ८०१.

शके म्हटल्यावर अण्णांना राहवेना. ख्रिस्ती सन नाही, कुठलं राजवर्ष नाही, आपल्या पंचांगावर छापतात तोच शक, इतक्या लांब, इतक्या वर्षांपूर्वी! इथे अण्णांचं भारावणं खोटं नव्हतं, माझ्याही अंगावर काटा आला. त्या भरात ते गाईडला म्हणाले, की हे सगळे आमचे पूर्वज.

गाईडने मनापासून चौकशी केली. "तुमच्या आजोबांचे आजोबा इथले होते?"

"इथले नव्हेत. इथे आले होते."

"मग परत कधी गेले?"

याला अण्णांकडे उत्तर नव्हतं, आणि खरं म्हणजे इतिहासाकडेही अण्णांच्या सोयीचं उत्तर नाही. भारतातला कुणी राजा सैन्य घेऊन इथे आला आणि गादीवर बसला असं घडलेलं नाही. व्यापारी आले, काही ब्राह्मण आले. इथल्या राजांनी त्यांच्याकडून लिपी घेतली, देव घेतले, शक घेतला, राजाला शोभेल अशी नावं घेतली. जातींची उतरंड त्यांच्यात आपल्यासारखी कधी रुजली नाही. विटा-दगड त्यांचे, पाण्याचे अफाट तलाव त्यांच्या हिशेबाने खोदलेले, घामही त्यांचाच. सातव्या जयवर्मनने ११८६ मध्ये आईच्या नावाने ता प्रोह्म उभारलं आणि ११९१ मध्ये बापाच्या नावाने प्रेआ खान. तोवर राजा बुद्धाकडे वळला होता, म्हणून आई प्रज्ञापारमितेच्या रूपात बसली आणि बाप लोकेश्वराच्या. ता प्रोह्मच्या शिलालेखात हिशेब दिला आहे, त्या देवळाच्या सेवेला ३१४० गावं आणि ७९,३६५ माणसं लावलेली. एवढा मोठा महाळ जगात दुसऱ्या कुणी घातला असेल असं वाटत नाही. आज त्याच ता प्रोह्ममध्ये झाडांच्या मुळ्या भिंतींना अजगरासारख्या विळखा घालून बसल्या आहेत, आणि त्या मुळ्या न दुखवता भिंती सावरण्याचं काम गेली वीसेक वर्षं आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथल्या लोकांबरोबर करत आहेत. दोन्ही देशांचे झेंडे असलेल्या पाटीशेजारी अण्णांनी फोटो काढून घेतला. त्या फोटोवर त्यांचा हक्क आहे, असं माझंही मत पडलं.

पण मी सांगत होते ते प्रेआ कोच्या पायरीवरचं. तिथून निघताना गाईड म्हणाला, उद्या सकाळी गाडी येईल, तो स्वतः मात्र नऊनंतर येईल. त्याच्या घराची उद्या पाळी आहे. कसली पाळी? पॅगोड्यात भात द्यायची. इथे पंधरा दिवस पितर येतात, भाद्रपदातल्या काळोख्या पंधरवड्यात. रोज गावातली वेगवेगळी घरं भिक्खूंच्या जेवणाचा आणि पितरांच्या भाताचा भार उचलतात आणि शेवटच्या दिवशी सगळं गाव जमतं. त्याला म्हणतात प्चुम बेन.

माईंनी बोटांवर तिथ्या मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या. "अहो, पक्ष," त्या म्हणाल्या आणि नंदीशेजारी मटकन बसल्या. घरच्या पितरांची व्यवस्था लावून त्या निर्धास्त निघाल्या होत्या, आणि उतरल्या त्या थेट दुसऱ्यांच्या पितरांच्या गर्दीत.

त्यानंतरचा गाडीतला तासभर म्हणजे माईंनी घेतलेली गाईडची तोंडी परीक्षा. दुभाषी मी. पितर येतात कुठून? यमाचं दार या पंधरा दिवसांपुरतं उघडतं आणि पापी, भुकेले सगळे बाहेर सुटतात. त्यांची पोटं मोठी आणि तोंड सुईच्या टोकाएवढं. जेवण दिवसा का नाही? त्यांना उजेडाचं भय, म्हणून पहाटेच्या आत. भातात काय? चिकट तांदूळ आणि तीळ. तीळ म्हटल्यावर माईंनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. आणि घातला नाही तर? पितर सात पॅगोड्यांत हिंडून आपल्या माणसाला शोधतात. सातही ठिकाणी कुणी दिसलं नाही तर शाप देतात.

"सात ठिकाणी!" अण्णा म्हणाले. "आमच्यांना एकच पत्ता."

या एकाच पत्त्याची मला मधूनमधून काळजी वाटते. आमची जुनी इमारत पुनर्विकासात गेली तेव्हा तीन वर्षं आम्ही भाड्याच्या घरात होतो. त्या तीन भाद्रपदांत सासरे पत्र्याच्या कुंपणापाशी येऊन बिल्डरचा फलक वाचून परत गेले असतील का, हे विचारायची सोय नाही. सात ठिकाणं हिंडायची मुभा असलेली पद्धत मुंबई-पुण्याला जास्त उपयोगाची.

"आपणही जाऊ," माई म्हणाल्या. गाईडला आनंद झाला.

पहाटे चारला आम्ही त्याच्या गावच्या पॅगोड्याच्या आवारात चिखलात उभे होतो. सप्टेंबरातला पाऊस रात्रभर पडून नुकताच थांबलेला, बेडकांचा गोंगाट, कर्ण्यातून मंत्र. गाव मध्यरात्रीपासून जागं. ताडाच्या झाडाखाली टेम्पो उभे होते, त्यांतून अजून माणसं उतरत होती. नोम पेन्हच्या कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या गावच्या पोरी पंधरवड्याच्या शेवटाला एकदम सुटतात आणि मिळेल त्या गाडीत चढतात, गणपतीला चाकरमानी निघतात तशा. काहींनी रजा साधून आधीच गाव गाठलं होतं. पांढरी लेसची पोलकी, पायघोळ सारोंग, एका हातात स्टीलची ताटली, दुसऱ्या हातात मेणबत्ती. आम्हालाही चपला काढायला लावल्या आणि एकेक ताटली दिली. लाडवाच्या आकाराचे भाताचे गोळे, तिळाने ठिपकेदार, वर उदबत्ती खोचलेली.

देवळाभोवती तीन फेऱ्या घालायच्या आणि जाता जाता एकेक गोळा अंधारात टाकायचा. समोर टाकायचा नाही, कोपऱ्यात, झुडपाच्या बुंध्याशी, भिंतीच्या कडेला, जिथे लाजरे पितर दबा धरून असतील तिथे. पहिल्या फेरीलाच जमिनीवर इतका भात झाला की पाऊल टाकलं की बोटांच्या फटींतून गार, चिकट शितं वर येत. पुढच्याच्या मेणबत्तीवर नजर ठेवून चालायचं. कुणाच्या तरी कमरेवर बाळ झोपलेलं, त्याच्या हातातही एक गोळा. दोन-तीन कुत्री मात्र अंधाराला सरावलेली, कुठलीही घाई न करता एकेक कोपरा साफ करत आमच्या मागोमाग येत होती.

"कावळा?" माईंनी मला हळूच विचारलं. मी गाईडला विचारलं. त्याने आभाळाकडे पाहिलं.

"इतक्या पहाटे?"

माईंना ते पटलं. काकस्पर्शासाठी दुपारी बारापर्यंत ताटकळलेल्या अनेक अनुभवांनंतर कुत्र्यांची ही व्यवस्था त्यांना एकंदरीत बरी वाटली असावी.

उजाडल्यावर ओट्यावर बसलो. गाईडची आजी आमच्यात येऊन बसली, डोक्याचे केस बारीक कापलेले, खांद्यावर पांढरा पट्टा. तिचा नवरा १९७७ मध्ये एका संध्याकाळी बोलावणं आलं म्हणून गेला. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसं मेली, ८० लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या देशात. भिक्खूंची वस्त्रं उतरवून त्यांना शेतावर धाडलं, पॅगोड्यांची कोठारं केली, काहींचे तुरुंग. भाताचा गोळा कुणाच्या नावाने टाकायचा तर हातात भात नव्हता आणि टाकताना कुणी पाहिलं तर आपणच त्या यादीत. सिएम रीपमध्येच वाट थ्मेई नावाचा पॅगोडा आहे. तिथल्या स्तूपाला काचा लावल्या आहेत आणि काचेमागे कवट्या आहेत. कुणाच्या, ते कुणाला माहीत नाही. आजीच्या नवऱ्याचं काही सापडलंच नाही, ना जागा, ना दिवस.

माईंनी मला सांगायला लावलं, की आमच्यात शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी राखलेली असते आणि ज्यांची तिथीच माहीत नाही त्यांच्यासाठी अमावस्या. मी इंग्रजीत सांगितलं, नातवाने ख्मेरमध्ये. आजीने लक्षपूर्वक ऐकलं. मग ती बोटं मोजू लागली. एक हात झाला, दुसऱ्या हाताची दोन बोटं झाली, तिथे तिने मोजणं सोडून दिलं आणि नातवाला म्हणाली, पाहुण्यांना चहा दे.

चहा होईतो पांढऱ्या सदऱ्यातला, जाड चष्म्याचा एक म्हातारा आमच्याकडे आला. गावचं धर्मकार्य बघणारा आचार. त्याच्याकडे शाळेची वही होती. घरोघरचे लोक येऊन मेलेल्यांची नावं लिहून देत होते, ती नंतर भिक्खूंसमोर वाचायची. त्याने वही अण्णांपुढे धरली.

"आमचं पंचमीला झालंय," अण्णा म्हणाले. पण वही पुढेच राहिली. तेव्हा त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं, पणजोबांचं. आईचं सांगितलं. आजीच्या नावाशी थांबले. "काकू म्हणायचे सगळे तिला. नाव गुरुजींच्या वहीत आहे."

"राधाबाई," माई म्हणाल्या. लग्नानंतर पंधरा दिवसांत त्यांना ते पाठ करावं लागलं होतं. मग त्यांनी विचारलं, बायका नावं देऊ शकतात का? गाईडला प्रश्न कळेना. देतातच बायका, तो म्हणाला, पुरुष अजून झोपलेत. माई सरसावून बसल्या. माहेरचा महाळ भावाने घालायचा, आणि माईंचा भाऊ पंचवीस वर्षं न्यू जर्सीत आहे. त्यांनी आईचं नाव दिलं. आजीचं दिलं. लहानपणी विधवा होऊन माहेरीच राबलेल्या आणि कुणाच्याच पंगतीत न मोजलेल्या एका आत्याचं दिलं. गाईड ऐकून ऐकून सांगत होता, आचार आपल्या वेलबुट्टीच्या अक्षरात लिहीत होता, आणि मध्येच थांबून उच्चार पुन्हा विचारत होता.

पान भरत आलं तेव्हा गाईड अण्णांकडे वळला. चेहरा अगदी साळसूद. "ता, सूर्यवर्मनचं लिहायचं का? तुमचे पूर्वज म्हणालात."

अण्णा विचारात पडले. थट्टा आहे हे त्यांना कळलं नसावं, किंवा कळूनही त्यांनी ती मनावर घ्यायचं ठरवलं असावं. "लिहायला हरकत नाही," ते म्हणाले, "पण गोत्र माहीत नाही ना."

गोत्र म्हणजे काय हे समजावण्यात आमचा चहा गार झाला. आचाराने शेवटी काहीतरी एक ओळ लिहिली आणि वही मिटली. काय लिहिलं ते विचारायचं राहून गेलं, आणि अक्षर आम्हाला लागत नव्हतं.

मग जेवणं. भिक्खूंचं झाल्यावर सगळ्यांनी चटयांवर गोल करून बसायचं. केळीच्या पानात घट्ट गुंडाळून दोऱ्याने आवळलेल्या जाडजूड गुंडाळ्या आल्या. त्या नुम अंसोम. चिकट तांदूळ, आत मुगाची डाळ आणि डाळीच्या गाभ्यात मिरी लावलेलं चरबीसकट डुकराचं मांस, रात्रभर चुलीवर उकडलेलं. केळं घातलेला दुसरा प्रकारही असतो, तो मी माईंसाठी मागून घेतला. अण्णांना सांगायला वळले तोवर त्यांनी पहिल्या प्रकारातली निम्मी गुंडाळी संपवली होती. "मोदकासारखंच आहे," ते म्हणाले. "आपलंच."

माईंनी मला डोळ्यांनी दटावलं. पितरांच्या पानातलं आहे, टाकायचं नसतं.

निघताना त्या गाईडच्या आईला घेऊन चुलीपाशी गेल्या आणि माझ्या मदतीने सगळी कृती लिहून घेतली. तांदूळ किती वेळ भिजवायचे, पान कुठल्या बाजूने ठेवायचं, दोरा कसा आवळायचा की पाणी आत शिरणार नाही. चिकट तांदूळ दादरला मिळतात अशी त्यांची माहिती आहे. पुढच्या पंचमीला करून बघणार आहेत. डुकराच्या जागी सुरण.